बायपर्यंतचे तीन तास

पहिला फोन आला तेव्हा मी वाडीत केळीची वाळकी पानं काढत होते. हात चिकाने भरलेले. मोबाईल आत खिडकीत ठेवलेला. धावत जाऊन उचलला तर पलीकडून मठाच्या मदर बोलत होत्या. माझी मोठी बहीण त्या मठात धर्मभगिनी आहे. गुवाहाटीपासून आणखी वर, डोंगरात. तिथले सगळे तिला सिस्टर म्हणतात, मी बाय म्हणते.

"घाबरू नका," मदर हिंदीत म्हणाल्या. त्या मूळच्या केरळच्या, हिंदी अगदी जपून बोलतात. "सिस्टरची तब्येत ठीक आहे. पण कालपासून त्या काहीतरी बोलतायत आणि आम्हाला कुणालाच कळत नाही. खाली गुवाहाटीत मराठी येणारी एक सिस्टर आहे, तिला फोनवर ऐकवलं. ती म्हणते, ही मराठी नाही."

"मला ऐकवा," मी म्हटलं.

त्यांनी फोन बायच्या तोंडाशी धरला. आधी नुसता श्वास ऐकू आला. मग बाय आमच्या घरच्या बोलीत चिडून म्हणाली, "कुणीतरी रहाट थांबवा रे, पाणी पाटाबाहेर चाललंय."

आमच्या वसईत जुन्या गावांतली घरं, हिंदू असोत की आम्ही ख्रिस्ती, घरात आपापली बोली बोलतात. शाळेत, कचेरीत, बाजारात मराठी, आणि दाराच्या आत ही दुसरी. ती मी इथे लिहीत नाही. लिहायची सवयच कधी लागली नाही, आणि लिहिली की तीच मला परकी वाटायला लागते. म्हणून बाय जे बोलली ते साध्या मराठीत सांगते.

"काय म्हणाल्या?" मदरनी विचारलं.

"पाणी वाया जातंय म्हणते."

"पण सगळे नळ बंद आहेत."

"तिथलं नाही मदर, इथलं. आमच्या विहिरीचं."

विहिरीवरचा रहाट जाऊन पंप बसला त्याला जमाना लोटला. मदर म्हणाल्या, "उद्या पुन्हा फोन केला तर चालेल?"

असं ते सुरू झालं.

आम्ही दोघीच बहिणी. बाय माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. ती मठात गेली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. आमच्या गावातून, पापडीतून, मठात गेलेल्या मुली खूप होत्या, पण त्या बहुतेक मुंबईत नाहीतर पुण्याकडे राहिल्या. बायला ईशान्येच्या मिशनमध्ये धाडलं. आईने नकाशा आणायला लावला. वडिलांनी वसईवर बोट ठेवलं आणि दुसऱ्या हाताचं बोट पार उजवीकडे नेलं. आई म्हणाली, "इतकं लांब कशाला? इथे काय आजारी माणसं कमी आहेत?"

त्या वेळी तिथे पोहोचायला चार दिवस लागायचे. कलकत्त्यापर्यंत एक गाडी, पुढे दुसरी. मध्ये एक मोठी नदी बोटीने ओलांडायची, पलीकडे तिसरी गाडी, आणि शेवटी लष्करी ट्रकसारख्या बसमधून घाट चढायचा. बायने पहिल्या पत्रात हे सगळं लिहिलं होतं आणि आई ते शेजारपाजारच्यांना वाचून दाखवायची, एखाद्या संताचं चरित्र वाचावं तसं. बाय तिथे दवाखाना चालवायची. बाळंतपणं करायची. आधी दहा वर्षांनी एकदा घरी आली, मग पाचांनी, पुढे नियम सैल झाल्यावर तीनांनी. दर वेळी तिच्या बोलण्यात तिकडचा हेल थोडा जास्त असायचा. आई गेली तेव्हा तिला पोहोचता आलं नाही. आली ती चार महिन्यांनी.

मी घरीच राहिले. कुणी ठरवलं नव्हतं. लकव्याने वडिलांचा एक हात आणि एक पाय गेला, मग आईला दिसेनासं झालं. मी माणिकपूरच्या एका शाळेत शिकवत होते, घर जवळ होतं, म्हणून मी होते. लग्नाची दोन-तीन स्थळं आली आणि गेली. बायविषयी लोक बोलताना आवाज खाली करायचे, आदराने. माझ्याविषयी बोलण्यासारखं काही नव्हतं. याचं मला वाईट वाटायचं की नाही, हे आता नक्की आठवत नाही. वाटत असेल.

पुढे विमानं आली. म्हणजे आधीही होतीच, पण आता सगळे जायला लागले. चर्चमधली मिस्सा संपल्यावर देवळाबाहेर भेटणारं प्रत्येक माणूस मला सांगायचं, "आता काय, मुंबई ते गुवाहाटी तीन तास! तुझी बहीण तर शेजारी आली." मी हसून मान हलवायची. बाय काही जास्त वेळा आली नाही. तिचं येणं अंतरावर नव्हतंच कधी, नियमावर होतं. आणि मी गेले नाही. बोलावल्याशिवाय मठात कसं जायचं, हा एक प्रश्न. दुसरं म्हणजे सवय. तीन तास झाले म्हणून पन्नास वर्षांची सवय लगेच मोडत नाही.

तर ते फोन. रोज संध्याकाळी यायचे. तिथे तोवर अंधार पडलेला असायचा. घड्याळ एकच, पण माझ्या वाडीत सुपारीच्या शेंड्यांवर ऊन असायचं आणि मदर सांगायच्या की दिवे लावून बराच वेळ झाला. बाय दिवसभर हिंदी बोलायची, तिकडची भाषाही बोलायची, पण अंधार पडला की ती एकोणीस वर्षांची होऊन पापडीत यायची. मी तिचं बोलणं हिंदीत करून सांगायची.

"कपडे आत घ्या म्हणते. दव पडेल."

"पाय गार पडलेत म्हणते. हे खरंच असेल, मोजे घाला."

"पेज हवी आहे. पेज म्हणजे... भात जास्त पाण्यात शिजवायचा, गाळायचा नाही. वर मीठ."

एकदा मदर फारच घाबरल्या होत्या. बाय दोन तास एकच शब्द म्हणत होती आणि रडत होती. त्यांना वाटलं, कुठे दुखतंय. मी ऐकलं. ती आमच्या बकरीला हाक मारत होती. वाट चुकलेली, पावसाळ्यात खाडीकाठच्या खाजणात गेलेली बकरी. मी तेव्हा पाच वर्षांची असेन. मी मोठ्याने म्हटलं, "सापडली गं. गोठ्यात बांधली."

पलीकडे एकदम शांत झालं. मग बाय म्हणाली, "आये, तू आहेस होय? आधी का नाही बोललीस?"

माझा आवाज आईसारखा आहे असं लोक म्हणायचे. बाय पुढे म्हणाली, "धाकटी कुठे आहे?"

धाकटी म्हणजे मी. खिडकीबाहेर बघत मी म्हटलं, "खेळतेय अंगणात."

"तिला एकटीला सोडू नकोस."

"नाही सोडत," मी म्हटलं.

मदरनी त्या दिवशी विचारलं, काय म्हणाल्या? मी म्हटलं, काही नाही, घरची चौकशी करत होती.

त्यानंतर मी रोज आईच होते. व्हिडिओ कॉल करूनही पाहिला, पण बाय माझ्याकडे बघायचीच नाही. पडद्याच्या कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत तिचा स्वतःचा चेहरा दिसायचा, त्याच्याकडे संशयाने बघत बसायची. मग ते सोडून दिलं. नुसता आवाज बरा.

ऑक्टोबर संपताना मदर म्हणाल्या, "तुम्ही एकदा येऊन जा. पाहुण्यांची खोली आहे. त्यांना बरं वाटेल."

शेजारच्या वाडीतल्या वहिनींना सांगितलं. त्या आमच्या पिढीजात शेजारी. त्यांचे गणपती आणि आमचा नाताळ दोन्ही घरांत होतो. वहिनी म्हणाल्या, "जा गं. कोंबड्यांचं आणि पाण्याचं मी बघते. सुकेळी घेऊन जा, यंदाची केळी वाळवून नवीन केलीत." त्यांच्या सुनेने तिथेच ओसरीवर उभ्याउभ्या मोबाईलवर तिकीट काढलं. "आत्या, थेट विमान आहे. तीन तास फक्त. इथून विमानतळाला पोहोचायलाच तेवढे लागतील," ती म्हणाली.

आणि तसंच झालं. खाडीवरच्या पुलाआधी गाड्या अशा तुंबल्या की टॅक्सीवाल्याने इंजिन बंद करून डबा उघडला आणि पोळी खाल्ली. मी मागे सुकेळ्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. मनात येत होतं की विमान चुकलं तर बरं. तिथे जाऊन मी कोण होणार होते, हे मला कळत नव्हतं.

विमानात शेजारी तिशीची एक बाई होती. तिने माझा पट्टा लावून दिला. नालासोपाऱ्यात राहते, ब्युटी पार्लरमध्ये काम करते म्हणाली. तिचं गाव गुवाहाटीच्याही पुढे, उतरल्यावर बस, मग दुसरी बस. तीन वर्षांनी चालली होती. "तुम्ही फिरायला चाललात?" तिने विचारलं.

"बहिणीकडे."

"अरे वा! मग तर मजा आहे. मोठी की लहान?"

"मोठी," मी म्हटलं. तिने डोळे मिटले. मी खिडकीतून खाली बघत राहिले. ढग होते, मग शेतं, मग एक रुंद, मळकट, खूप फाटे फुटलेली नदी. हीच ती बोटीची नदी का दुसरी, हे मला कळलं नाही. विचारायला कुणी नव्हतं. विमान उतरायला लागलं तेव्हा कान दुखले आणि मला वाटलं, इतकंच? इतक्यासाठी आई नकाशा उघडून बसायची?

घाट चढून मठात पोहोचले तेव्हा दुपार कलली होती. मदर दारात उभ्या होत्या, फोनवर वाटायच्या त्यापेक्षा पुष्कळ लहानखुऱ्या. त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि मला आत नेलं.

बाय खिडकीपाशी वेताच्या खुर्चीत बसली होती. पांढरा झगा, वर निळं स्वेटर, पायात लोकरीचे मोजे. ती फारच बारीक झाली होती. मी जवळ गेले. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि पाहुण्यांशी बोलतात तसं गोड हसून म्हणाली, "बैठिए ना. कहाँ से आई हैं आप?"

मी बोलीत म्हटलं, "बाय, मी आले. धाकटी."

ती लक्ष देऊन ऐकत राहिली. मग तिचा चेहरा उजळला. "अरे! हमारे गाँव की बोली आपको कैसे आती है?"

मदरनी मान खाली घातली. मी खुर्ची ओढून बसले. काय करणार? म्हटलं, "मी पापडीची." बाय म्हणाली, पापडी चांगलं गाव आहे, तिथे माझी एक लहान बहीण आहे. हेही हिंदीतच. मी सुकेळ्यांची पिशवी काढून तिच्या हातात दिली. तिने एक उचललं, निरखलं, आणि पिशवी मदरपुढे केली. "सबको दीजिए," ती म्हणाली. तिने स्वतः खाल्लं नाही. तिला मी समोर बसलेली एक म्हातारी दिसत होते, आणि ते खरंच होतं. तिच्या मनातली धाकटी दहा वर्षांची होती आणि आई चाळिशीतली. या केसांची, या सुरकुत्यांची ओळखीची बाई तिच्याकडे कुणी नव्हतीच.

साडेचारलाच अंधारून आलं. दिवे लागले तशी बाय चुळबुळ करायला लागली. स्वेटरची बटणं काढायची, लावायची. टेबलावरच्या मोबाईलकडे बघायची. शेवटी आमच्या बोलीत म्हणाली, "आयचा फोन नाही आला अजून."

मदरनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना शब्द कळले नव्हते, पण ही वेळ कसली ते कळलं होतं. त्या फार अवघडल्या होत्या. मी उठले. पिशवीतून माझा मोबाईल घेतला, बाहेर व्हरांड्यात गेले आणि तिथून फोन लावला.

आत तो वाजला. मदरनी उचलून बायच्या कानाला लावला.

"आये?"

तिचा आवाज आधी खिडकीतून आला आणि मग, जरासा मागून, फोनमधून. मी व्हरांड्याच्या कठड्याला टेकून उभी होते. चांगलीच थंडी होती. समोर काळे डोंगर आणि त्यावर कुठे कुठे दिवे. मी म्हटलं, "हो गं, मीच."

"इथे एक बाई आलीय," बाय म्हणाली. "पापडीची म्हणते. आपल्यासारखं बोलते."

"कशी आहे?"

"बरी आहे. एकटी आलीय. तिच्याबरोबर कुणी नाही." मग आवाज खाली करून, "रात्री तिला इथेच ठेवून घ्यायला सांगू का?"

"सांग," मी म्हटलं. मी फोन छातीशी धरला. खिडकीतून बाय हॅलो, हॅलो म्हणत होती, आणि मागोमाग माझ्या छातीतून.

आठवडाभर मी तिथे राहिले. दिवसा पाहुणी, संध्याकाळी व्हरांड्यात आई. दिवसाच्या पाहुणीशी बायचं चांगलं जमलं. आम्ही बागेत हळूहळू फिरायचो, ती मला डोंगरातल्या माणसांविषयी सांगायची, कुणाच्या घरी जुळी झाली, कुणाच्या बाळाचे पाय आधी आले. हे मला पन्नास वर्षांत कधी कळलं नव्हतं. पत्रांत ती बरी आहे एवढंच असायचं. आता मला न ओळखता ती सगळं सांगत होती. मी ऐकायची. एकदा तिने माझ्या हातावर हात ठेवला आणि विचारलं, "आपके घर में कौन-कौन है?"

"कोणी नाही," मी म्हटलं.

"मेरे भी नहीं," ती म्हणाली, आणि जवळून चाललेल्या दोन सिस्टरांकडे बघून हात हलवला.

तिची देखभाल करणारी एक तरुण सिस्टर होती, तिथल्याच डोंगरातली. ती मला चिकटली. "मला थोडे शब्द शिकवा. दर वेळी तुम्हाला फोन लावेपर्यंत त्या रडत राहतात," ती म्हणाली. मग स्वयंपाकघरात भाजी चिरता चिरता मी तिला पाणी, पेज, थंडी, दुखतंय, झोप, भिऊ नकोस, असले शब्द आमच्या बोलीत म्हणून दाखवायची. तिची जीभ वेगळ्याच ठिकाणी टेकायची. आम्ही दोघी हसायचो. शाळेची नोकरी संपल्यावर इतक्या वर्षांनी कुणाला तरी काही शिकवत होते.

निघताना बाय मला फाटकापर्यंत सोडायला आली. "फिर आइए," म्हणाली. मदरनी तिला विचारलं, या कोण, ओळखलंत का? मला वाटलं, नको विचारायला. बाय म्हणाली, "हाँ. पापडी की हैं." आणि जीप वळेपर्यंत हात हलवत राहिली.

परतीचं विमानही तीन तासांचंच होतं. थोडं जास्त लागलं, वारा समोरून होता म्हणे. मी घरी आले, कोंबड्या ठीक होत्या, वहिनींनी केळीला पाणी दिलं होतं. "भेटली का? ओळखलं का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "भेटली." वहिनींनी चहा करून आणला.

नाताळपर्यंत फोन रोज यायचे. मग दोन दिवसांनी, मग आठवड्यातून एकदा. मला आधी वाटलं, बाय खालावली. मदरना विचारलं तर त्या आनंदाने म्हणाल्या, "नाही, नाही! आता आमच्या सिस्टरला त्यांचं बरंचसं कळतं. तीच उत्तर देते. सारखा सारखा तुम्हाला त्रास द्यायची गरज नाही."

मी म्हटलं, "त्रास कसला." पण त्या खरंच खूश होत्या, म्हणून मी जास्त बोलले नाही. बायला रडावं लागत नाही, हेच हवं होतं. तरी संध्याकाळी ऊन सुपारीवर चढलं की मी मोबाईल घेऊन पायरीवर येऊन बसायचे. वाजायचा नाही. कधी तरी कर्ज हवं का विचारणाऱ्या बाईचा वाजायचा.

मागच्या आठवड्यात न राहवून मीच लावला. त्या तरुण सिस्टरने उचलला. "सिस्टर झोपल्यात," ती हिंदीत म्हणाली. "आज लवकरच झोपल्या. पेज घेतली. उठवू का?"

"नको, नको. झोपू दे."

फोन ठेवायला गेले तेवढ्यात ती आमच्या बोलीत म्हणाली, "थांब. तू जेवलीस काय?"

हे मी तिला शिकवलं नव्हतं. हेल तिकडचा होता, पण वाक्य आमच्या घरातलं, जसंच्या तसं. मी विचारलं, "हे कुठून शिकलीस?"

"सिस्टर मला रोज विचारतात," ती म्हणाली. "बरोबर म्हटलं ना?"

"बरोबर म्हटलंस."

"मग सांगा. जेवलीस काय?"

मी जेवले नव्हते. एकटीसाठी चूल कधी पेटवते, कधी नाही. मी तिला खरं ते सांगितलं, बोलीतच. तिला बहुतेक अर्धंच कळलं असेल. ती म्हणाली, जेव. आणि पलीकडे कुणीतरी तिला हाक मारली म्हणून तिने फोन ठेवला. बाहेर अजून उजेड होता. मी आत जाऊन तांदूळ धुतले.